शेवटच्या बाहुलीचे मानकरी

"एखादा मुलूख समजून घ्यायचा असला ना ताई, तर तिथल्या लग्नात जायचं आन् बघायचं, रुसतं कोण. रुसणारा सापडला की मुलूख सापडला."

हे आमच्या फोरमनचं तत्त्वज्ञान. देवळं, किल्ले, संग्रहालयं यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. वेरूळच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाने असं बोलावं याचं मला नवल वाटायचं. तसं एकदा म्हणूनही दाखवलं, तर ते म्हणाले, "लेणी बघून तुमाला आमचे चुलते कळतील का?" त्यांचे चुलते मी पाहिले होते. त्यामुळे गप्प बसले.

फोरमन हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. पण वाळूजच्या आमच्या कारखान्यात साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना फोरमनच म्हणत. घरी बायकोसुद्धा "फोरमन जेवायला बसलेत" असंच सांगायची. बजाजनगरात त्यांची खरी कीर्ती मात्र रुसवे काढण्याबद्दल होती. लग्न कुणाचंही असो, मुहूर्ताच्या दोन तास आधी फोरमन हजर. एक खुर्ची घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसायचे आणि येणाऱ्याच्या चालीवरून सांगायचे, "हे पाव्हणं फेट्यावरून अडणार बगा." ते पाव्हणं फेट्यावरूनच अडायचे. मग फोरमन उठायचे, त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मांडवामागे न्यायचे. तिथे काय बोलणं व्हायचं देव जाणे. परत येताना पाव्हण्याच्या डोक्यावर फेटा असायचा आणि चेहऱ्यावर हसू. रुसण्याचे त्यांनी प्रकारही पाडलेले होते. जेवणावरून रुसणारा हलका, तो जेवला की मिटतो. पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून रुसणारा जड. आणि कुणाचा हक्क चुकला म्हणून रुसलेला, तो सगळ्यात अवघड. "तिथं आपलं बी डोकं चालत नाय," असं म्हणून ते विषय बदलायचे.

विषय का बदलायचे ते मला पुढे कळलं. त्यांच्या घरातच तसा एक रुसवा पडून होता. मुलाच्या जावळाला, म्हणजे बाळाचे पहिले केस काढताना, बाळाला मांडीवर घेण्याचा मान मामाचा. मामा यायचे होते गंगापूरच्या पुढच्या गावातून, मोटारसायकलवर. ती वाटेत पंक्चर झाली. इकडे न्हाव्याची घाई, गुरुजींची घाई, आणि फोरमन म्हणजे वेळेचा माणूस. त्यांनी बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि कार्यक्रम उरकला. मामा धुळीने माखून पोचले, भाच्याचं चकचकीत डोकं त्यांनी पाहिलं आणि दारातूनच माघारी फिरले. तेव्हापासून ना भाऊबीज, ना फोन. फोरमनने मध्यस्थ पाठवले, एकेक नामी माणूस पाठवला. स्वतः मात्र गेले नाहीत. जावयाने सासुरवाडीची पायरी मान खाली घालून चढायची नसते, हे त्यांचं म्हणणं. त्यांचा हट्ट, मेव्हण्याचा हट्ट, आणि या दोघांमध्ये त्या बाईचं माहेर बंद पडलं. दिवाळीला सगळ्या बजाजनगरातल्या बायका पिशव्या भरून माहेरी निघायच्या, तेव्हा या वहिनी गच्चीवर जाऊन धुणं वाळत घालायच्या. मला त्यांचा फार राग यायचा, फोरमनचा. तोंडावर बोलायची मात्र छाती नव्हती.

तर अशा माणसाबरोबर मला मेक्सिकोला जावं लागलं. आमच्याकडचं एक जुनं प्रेस मशीन केरेतारो नावाच्या शहरातल्या कारखान्यात नेऊन बसवायचं होतं, आणि ते मशीन फोरमनशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं. फोरमनला मराठी आणि आपली छावणीतली हिंदी सोडून काही येत नव्हतं. मी इंजिनियर, त्यात शिकत असताना हौसेने स्पॅनिशचा वर्ग केलेला. त्या हौसेची मी पुरेपूर किंमत मोजली.

पहिल्या दिवशीच पंचाईत झाली. तिकडे रोज सकाळी कामावर आल्यावर प्रत्येकाने प्रत्येकाशी हात मिळवायचा, घरचं कसं काय विचारायचं, मग मशीनकडे वळायचं. फोरमनला हे पसंत पडलं. पण बायका भेटल्या की गालाला गाल लावतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातल्या एका हसऱ्या बाईंनी पुढे होऊन ते केलं आणि फोरमन मागच्या लोखंडी कपाटावर जाऊन आदळले. दुसऱ्या दिवसापासून ते डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून कारखान्यात शिरू लागले. बायकांनी डब्याच्या वरून वाकून गाल लावायला सुरुवात केली. महिन्याभराने फोरमन डबा खाली ठेवून गाल पुढे करू लागले, पण डोळे मिटून. "घरी सांगू नका ताई," एवढंच म्हणाले.

तिथली एक रीत मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलली. खानावळीतून जेवून निघणारा माणूस अनोळखी जेवणाऱ्यांनाही 'पोटभर होऊ दे' अशा अर्थाचं काही बोलून जातो. फोरमन म्हणाले, हे तर आपलंच आहे. आणि ते प्रत्येक टेबलापाशी थांबून, किंचित वाकून, खणखणीत मराठीत "सावकाश होऊ द्या" म्हणत दारापर्यंत जाऊ लागले. लोक घास थांबवून आभार मानायचे. मीही त्यांच्या मागून मान हलवत जायचे, दुसरं काय करणार.

पण त्यांचं मूळ संशोधन वेगळंच होतं. इथे रुसतं कोण? हा प्रश्न त्यांनी माझ्याकरवी सगळ्या कारखान्याला विचारला. जेवणाच्या सुट्टीत ते मला एकेका टेबलावर न्यायचे. "विचारा यांना, लग्नात जावयाला काय देतात?" मी विचारलं. त्या हसऱ्या बाई म्हणाल्या, "भांडी घासायला." फोरमनने गंभीरपणे मान डोलावली. एकाने सांगितलं, माझा मोठा भाऊ प्रत्येक समारंभात भांडतो, पण तो दारू पितो म्हणून. "तो धरायचा नाय," फोरमन म्हणाले. असं करत करत सगळा कारखाना पालथा घातला, पण मान चुकला म्हणून मांडव सोडून गेलेला एकही माणूस सापडेना.

"हे लोक लपवायलेत," फोरमन मला म्हणाले.

कोडं सोडवलं राउलने. हा तिथला सुपरवायझर, फोरमनच्याच वयाचा, जाड मिशांचा, मनाने फार मऊ. त्याची मुलगी पंधरा वर्षांची होणार होती. मुलगी पंधराची झाली की तिकडे लग्नासारखाच थाट करतात. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉलमध्ये जेवण, नाच, गाणं. राउल सांगत होता की या समारंभातली प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाच्या नावावर असते. केकचा एक पाद्रिनो, वाजंत्र्याचा एक, मुकुटाचा एक, चर्चमध्ये ती गुडघे टेकते त्या उशीचासुद्धा एक. ज्याच्याकडे जे दिलं ते त्याने आणायचं, त्याने मिरवायचं. आणि हे नातं त्या दिवसापुरतं नसतं, मुलीच्या आईबापाशी व्याह्यांसारखं जन्मभर टिकतं. पाद्रिनोला मराठीत काय म्हणावं मला सुचेना. मी 'मानकरी' असं सांगितलं.

फोरमन मशीनला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "म्हंजे जो रुसणार, त्यालाच आधी कामाला लावायचं. लई बेरकी लोक हायेत."

राउलला मी यातला बेरकी शब्द गाळून बाकीचं सांगितलं. तो खूश झाला, आणि त्याने फोरमनला मुलीच्या शेवटच्या बाहुलीचा मान दिला. त्या दिवशी मुलीला एक बाहुली देतात, ती तिची शेवटची. ती घेऊन मुलगी नाचते आणि त्यानंतर लहान राहत नाही.

फोरमनने त्याच रात्री घरी फोन लावला आणि वहिनींना सांगितलं की आपल्याला इथे एक व्याही मिळाला. फोन ठेवेपर्यंत अर्ध्या बजाजनगरात बातमी पसरली की फोरमनने लग्नाला आलेली लेक मेक्सिकोला दिली. वहिनी रडल्या, लेक रुसली, आणि ते निस्तरायला मला दोन दिवस फोनवर बसावं लागलं.

बाहुली आणायला आम्ही बाजारात गेलो. मुलीच्या झग्यासारखाच गुलाबी झगा घातलेली चिनी मातीची बाहुली मिळाली. पण शालीशिवाय मान कसला? कारखान्याच्या मालकाला द्यायला आणलेली हिमरू शाल फोरमनने कात्रीने कापली आणि बाहुलीच्या खांद्यावर पांघरली. मग नारळ हवा. तिकडचे नारळ तासून गुळगुळीत केलेले असतात, शेंडी नाही. बिनशेंडीचा नारळ द्यायला त्यांचं मन धजेना. त्यांनी कारखान्यातून सुतळी आणली आणि नारळाला शेंडी चिकटवली. मी कपाळाला हात लावला.

समारंभाला पाचचं आमंत्रण होतं. तिकडे पाच म्हणजे सहा-साडेसहा, हे मी त्यांना हरतऱ्हेने सांगितलं. फोरमन साडेतीनला हॉलवर पोचले, डोक्याला गुलाबी फेटा, हातात बाहुली. राउलची बायको केस कुरळे व्हायला गोल चाप लावून फुलं मांडत होती. ती आम्हाला बघून किंचाळली आणि आत पळाली. फोरमनने कोट काढून खुर्च्या मांडायला घेतल्या.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. मुलगी आली, तिचा झगा एवढा फुगीर की दारातून तिरकी शिरली. बापाने तिच्या पायातले साधे बूट काढून उंच टाचेचे घातले, तेव्हा राउल हमसून रडला आणि फोरमनही रडले. मग माइकवरून पुकारलं गेलं. शेवटच्या बाहुलीचे मानकरी, थेट भारतातून आलेले. मुलगी हॉलच्या मध्यावर हात पुढे करून उभी राहिली. टाळ्या पडल्या.

फोरमन जागचे हलले नाहीत.

"फोरमन, उठा," मी म्हटलं.

"थांबा ताई," ते ओठ न हलवता म्हणाले. "पैल्या हाकेला उठत नसतेत. दोघं-तिघं येतील, हात धरतील, मी नको नको म्हणीन, मंग उठायचं. इज्जत हाय का नाय काई."

माइकवरून दुसऱ्यांदा पुकारा झाला. फोरमनने नजर छताकडे लावली. मी त्यांच्या कानाशी लागून सांगत होते की इथे कुणी हात धरायला येत नाही, इथे नाव घेतलं की माणूस जातो. ते म्हणाले, "येतेत. बगा तुमी." वाजंत्री थांबली. टाळ्या विरल्या. राउलचा चेहरा पांढरा पडला. त्याची बायको माझ्याजवळ येऊन विचारू लागली, आमचं काही चुकलं का, जेवण आवडलं नाही का. केकच्या मानकरीण बाई माना वळवून बघत होत्या. आणि मध्ये ती पोरगी, हात पुढे करून, उभी. आधी हसत होती. मग हसू तसंच ठेवायचा प्रयत्न करत होती. मग तिची हनुवटी थरथरायला लागली.

शेवटी तिने झगा दोन्ही हातांनी उचलला आणि ती आमच्याकडे यायला निघाली. टेबलांच्या मधून तो झगा मावेना, दोन खुर्च्या आडव्या झाल्या, कुणाचा तरी पेला सांडला. ती फोरमनसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझी बाहुली देताय ना?"

मला भाषांतर करायची गरज पडली नाही. फोरमन असे उठले की फेटा मागे पडला. त्यांनी तिला बाहुली दिली, डोक्यावर हात ठेवला, आणि ती बाहुली घेऊन नाचेपर्यंत ते फेटा हातात धरून भिंतीशी उभे होते. नारळ राउलच्या हातात राहिला. त्याचं काय करायचं हे न कळून त्याने तो केकशेजारी ठेवला, आणि पाहुणे त्या शेंडीवाल्या नारळाबरोबर फोटो काढत राहिले. निघताना प्रत्येकाचा गालाला गाल लावून निरोप घेण्यात तासभर गेला. फोरमनने एकदाही डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनपाशी एकटेच बसले होते. मी चहा नेऊन दिला. म्हणाले, "इतकी लग्नं बगितली ताई. मी आपला रुसून बसलेल्याकडं बगत आलो. तो बसलेलाच असतो. मांडवात उभं कोण असतं? पोरगी. घरात उभं कोण असतं? हिची आठवण झाली काल." हिची म्हणजे बायकोची. चहा तसाच ठेवून ते उठले आणि दिवसभर त्या मशीनवर ओरडत राहिले.

परत आल्यावर वर्षभरात लेकीचं लग्न ठरलं, जालन्याकडचा मुलगा. फोरमनने मेक्सिकोचा कायदा बजाजनगरात लागू केला. दर लग्नात फेट्यावरून अडणारे चुलते फेट्यांचे मानकरी झाले, आणि टेप घेऊन घरोघर डोकी मोजत फिरू लागले. एक भाऊबंद वरणाचे मानकरी, एक कूलरचे. ज्यांचं नाव पत्रिकेत खाली छापल्यावरून मागे दोन लग्नं अडली होती, ते चपलांचे मानकरी झाले आणि त्यांनी चपलांना बिल्ले लावायची पद्धत काढली. रुसायला कुणाला फुरसतच उरली नाही. नवऱ्याकडच्या मंडळींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ही कोणती पद्धत म्हणायची?" मी सांगितलं, जुनी आहे, केरेतारोकडची. "पैठणच्या अलीकडं का पलीकडं?" असं त्यांनी विचारलं. पलीकडं, मी म्हटलं.

उरली एकच जागा. नवरीला मांडवात मामा आणतो. चुलत्यांनी सुचवलं, गावातला एखादा मानलेला मामा उभा करू. तेव्हा कधी न बोलणाऱ्या वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हणाल्या, "माझ्या भावाच्या जागी दुसरं कुणी उभं करायचं नाय. पोरगी एकटी येईल. जागा रिकामी दिसू द्या सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन आला. "ताई, गाडी काढा. गंगापूरकडं जायाचंय."

गाडीत फोरमन, वहिनी आणि त्यांचा मुलगा. मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, केस मोठ्या निगुतीने वाढवलेले, दाढी कोरलेली. बजाजनगरच्या नाक्यावर फोरमनने गाडी थांबवायला सांगितली आणि मागच्या सीटवर आणखी एक माणूस चढला. तो नाक्यावरचा न्हावी होता, पेटीसकट. मुलगा केसांवरून हात फिरवू लागला.

मामा ओसरीत बाजेवर बसले होते. आम्हाला बघून त्यांनी तोंड वळवलं. फोरमन पायरीशी थांबले, चपला काढल्या, पायरी चढून वर गेले आणि मेव्हण्यासमोर उभे राहिले. मध्यस्थ नाही, प्रस्तावना नाही.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पोराचं जावळ राह्यलंय. माझ्या मांडीवर झालं ते झालं नाय. तुमची मांडी द्या."

"पप्पा, सोमवारी माझी मुलाखत हाय," मुलगा म्हणाला.

मामांनी आधी फोरमनकडे पाहिलं. मग न्हाव्याकडे. मग त्या दाढीवाल्या भाच्याकडे, वरून खालपर्यंत. इथून आता हा माणूस उठून आत गेला की सगळं संपलं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

"दाजी," मामा म्हणाले, "हे एवढं बैलावाणी पोरगं मांडीवर घ्यायचं व्हय?"

"व्हय."

"कामून आलात इतक्या वर्सानं?"

"चुकलं माझं. हक्क तुमचा व्हता. आन् शिक्षा हिला झाली."

मामांनी धोतर सावरलं, मांडी घातली आणि बाजेवर थाप मारली. मुलगा लाजत लाजत बसला. बाज करकरली. न्हाव्याने केसांना पाणी लावलं, वस्तरा उघडला, तेव्हा मामांनीच त्याचा हात धरला. "एकच बट घे. पोराची नोकरी जाईल." मग बट निघाली, मामांच्या बायकोने भाच्याला ओवाळलं. मामा म्हणाले, "ऊठ रं, पायाला मुंग्या आल्या," आणि ते बोलताना त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरूनच ठेवलं होतं.

वहिनी अजून गाडीपाशी उभ्या होत्या, दाराच्या मुठीवर हात ठेवून. मामांना त्या आत्ता दिसल्या. "तू कामून तिथं उभी?" ते ओरडले. "तुझी वैनी चहा ठेवायली. आत जा की."

वहिनी आमच्यासमोरून गेल्या, कुणाकडेही न बघता, आणि घरात शिरल्या.

दुपारी निघायची वेळ झाली. वहिनींनी आतूनच निरोप पाठवला, तुम्ही जा, मी चार दिवस राहते. न्हावी गाडीत बसला, मुलगा आरशात केस बघत बसला. मी किल्ली फिरवली तरी फोरमन दाराबाहेर, भिंतीला टेकून उभेच. आत दोघी नणंद-भावजया काहीतरी बोलून मोठमोठ्याने हसत होत्या.

"निघायचं ना?" मी विचारलं.

"थांबा जरा," फोरमन म्हणाले. "ऐकू द्या."